गुन्हा कबूल, शिक्षा नाकबूल

ठाण्याच्या वकिलांकडे किस्से साचतात कसे? सोपं आहे. आमचा अशील आधी गुन्हा कबूल करतो आणि मग वकील शोधतो! अशा वेळी राणीसरकारचा कायदा म्हणतो, गुन्ह्याबद्दल आता बोलू नका. शिक्षा जड झाली, एवढंच रडा. मी गेली कित्येक वर्षं तेवढंच रडतोय.

शहाडच्या एका पैलवानाने मारामारी झटकन कबूल केली. नाकबूल केली असती तर गावात काय तोंड दाखवणार? मग अपिलासाठी माझ्याकडे आला. म्हटलं, "शिक्षा कमी करून मागू."

"कमी? माझ्याबरोबरच्या गड्याला माझ्याहून जास्त दिली! मी काय कमी मारला काय?"

मी हात जोडले.

नौपाड्यातले एक पेन्शनर तात्या. शेजाऱ्याचं कुंपण मोडल्याचा आरोप. माजिस्ट्रेटसाहेबांनी इंग्रजीत विचारलं, तात्यांनी रुबाबात "येस सर" ठोकून दिलं. अपिलात मी कळवळून सांगितलं, "आरोपीला इंग्रजी कळत नाही हो!"

तात्या ताडकन उठले. "आय ऑब्जेक्ट!"

पण कोलशेतच्या पास्कूची सर कुणाला नाही. लेकीच्या लग्नासाठी त्याने घरीच दारू गाळली आणि आबकारीवाल्यांनी धरला. माजिस्ट्रेटने विचारलं, "गुन्हा कबूल?" पास्कूला सवय चर्चमधल्या पाद्रीबाबांपुढे पापं कबूल करायची. तिथे सगळं सांगावं लागतं, तरच माफी! त्याने दारू सांगितली, चोरून काढलेलं मीठ सांगितलं, नाताळात शेजाऱ्याचं बदक कापलेलं तेही सांगितलं. खटला फक्त दारूचा होता, पण माजिस्ट्रेटने शिक्षा मात्र सढळ हाताने दिली.

लग्न तोंडावर आलं. लेक माझ्या दारात येऊन रडली, "वकीलसायेब, बापूस आल्याबिगर मी देवलात पाय ठेवाची नाय."

जेलात जाऊन पास्कूला बजावलं, "कोर्टात तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते मी बोलेन." त्याने क्रॉसाची शपथ घेतली.

अपिलाला मी जीव तोडून बोललो. जज्जसाहेब विरघळले. म्हणाले, "शिक्षा जरा जास्तच झाली. भोगली तेवढी पुरे." मागे लेक हुंदके देत होती. साहेबांनी टाक शाईत बुडवला, आणि सहज, अगदी मायेने, पास्कूकडे बघून विचारलं, "तुला काही सांगायचंय का रे?"

मी पास्कूला 'नको, नको' म्हणून जोरजोरात मान हलवली.

पास्कूने हात जोडले, डोळे मिटले.

"सायबा, त्या दिशी येक सांगाचा ऱ्हायला!"