मलाबोचं आवतण

मुदखेड जंक्शनवर चौकशीच्या खिडकीत माझी उभी हयात गेली. कुठली गाडी कुठं बदलायची, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचो. त्यामुळे पोरगा विषुववृत्तीय गिनीला नोकरीला लागला, तेव्हा मी आधी वही काढली आणि त्या देशाची माहिती उतरवून घेतली.

मध्य आफ्रिकेतला एवढासा देश. राजधानी मलाबो, तीही समुद्रातल्या बेटावर. बाकीचा देश पलीकडच्या किनाऱ्यावर. भाषा स्पॅनिश. घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं. पाऊस भरपूर. मुंबईहून सरळ विमान नाही, अदीस अबाबाला बदलायचं. पीतज्वराची लस टोचल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि तिथल्या माणसाचं निमंत्रणपत्र असल्याशिवाय व्हिसा देत नाहीत.

या शेवटच्या ओळीवर माझं घोडं अडलं.

पासपोर्ट काढला. हैदराबादला जाऊन लस घेतली. वय बघून डॉक्टरनं दोनदा विचारलं, नक्की जायचंय ना? म्हटलं, जायचंय. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. नांदेडच्या घरात मी एकटा. दोन चपात्या करायच्या, एक खायची. पोराला डोळे भरून बघावं, एवढीच इच्छा होती. पण पत्र काही मागवेना. आमच्याकडं आवतण परक्याला देतात. बापानं पोराकडं आवतण मागायचं? अक्कल असेल तर तो आपणहून पाठवील, असं मी ठरवून बसलो.

घराखाली शिलाईचं दुकान असलेला माझा जुना दोस्त चिडायचा. "अरे, मांग ले ना! अपनेच बेटे से मांगने में काहे की शरम?"

"तू गप तुझी मशीन चालव," मी म्हणायचो.

खरं तर पोरगा कधीच लांब गेला होता. लातूरच्या भूकंपाच्या वर्षी तो जेमतेम चालायला लागला होता. भीतीपायी आम्ही महिनाभर क्वार्टरसमोर अंगणात झोपायचो; तो आमच्या मधे, माझा सदरा मुठीत धरून. दहावीनंतर मीच त्याला लातूरच्या क्लासला घातलं. सगळेच घालत होते. मग नांदेडजवळच विष्णुपुरीला इंजिनिअरिंग, तिथंही होस्टेल. घरी आला की पाहुण्यासारखी पिशवी दाराजवळ ठेवायचा. करणं माझंच, तरी राग मात्र त्याच्यावर.

दर रविवारी त्याचा फोन यायचा. "या की अण्णा एकदा." मला ते वरवरचं वाटायचं. मी विषय बदलून तिथला पाऊस विचारायचो. अशी दोन वर्षं गेली.

मग एका रविवारी तो म्हणाला, "अण्णा, इथलं काम संपलं. पुढल्या महिन्यात कंपनी कॅनडाला धाडायलीय."

माझ्या तोंडून गेलं, "मग ते पत्र?"

"कोणतं पत्र?"

सांगितलं. त्याचे सगळे कागद कंपनीनं केले होते, त्याला असल्या पत्राचं काही ठाऊकच नव्हतं.

"एका शब्दानं बोलायचं ना, अण्णा. मला वाटलं, तुम्हाला यायचंच न्हाई. तुमच्यासाठी एक खोली ठेवली होती मी. बुटका पलंग आणला होता, उठाय-बसायला सोपा. कालच विकला."

स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

"कुणी घेतला?" एवढंच विचारलं.