जावयाच्या गाडीचे दरवाजे

आमच्या जावयाची गाडी पहिल्यांदा घरी आली ती टेम्पोत बसून. अधिक महिना होता, ऐन उन्हाळ्यातला. बायकोनं धोंड्याच्या जेवणाला लेक-जावयांना वसमतला बोलावलं होतं. दोघं पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेले आणि मागं दोरानं बांधलेली एक जुनी पांढरी छोटी कार. फळ्या लावून ती दारात उतरवली, तेव्हा बायकोनं ओवाळायचं ताट हातात धरूनच आत वाकून पाहिलं. आत ड्रायव्हरची एक सीट होती. मागची सीट नाही, छताला अस्तर नाही, खाली चटई नाही. नुसता पत्रा.

तिनं मला बाजूला घेतलं. "आवो, आपल्या लेकराला हे कशावर बसवतेत?"

लेकीनं ऐकलंच. "आई, ही बसायची गाडी न्हाई. रेसची हाय."

जावई नांदेडला शाळेत भूगोल शिकवतात. गाड्यांच्या शर्यतीचा नाद त्यांना लग्नाआधीपासूनचा, पण आम्हाला तो लग्नानंतर कळला. जेवताना त्यांनी शर्यत समजावून सांगितली. सरळ रस्त्यावर दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या. हिरवा दिवा लागला की निघायचं. पाव मैल झाला की संपलं.

"किती येळ लागते?" बायकोनं विचारलं.

"पंधरा-सोळा सेकंद, मामी."

"अन् मग?"

"मग परत यायचं."

बायकोनं त्यांच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला. त्यांनी हात आडवा धरला. गाडीबरोबर चालवणाऱ्याचंही वजन मोजावं लागतं, म्हणून ते गोड कमी करून राहिले होते. अधिक महिन्यात जावयानं धोंडा नको म्हणणं आमच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. बायकोची भांडी त्या दिवशी जरा जोरात वाजली.

लग्नाला चार वर्षं झाली होती, पण माझं आणि जावयांचं बोलणं फारसं नव्हतं. ते माझ्या बीपीचं विचारायचे, मी त्यांना गाडीला गर्दी होती का ते विचारायचो. त्या दुपारी ते माझ्या खाटेशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मामा, एक काम होतं. दारं हलकी करायची हायेत."

मी चौतीस वर्षं सरकारी बसगाड्यांच्या वर्कशॉपात पत्राकाम केलं. गाडी खड्ड्यातून गेली तरी काही खडखडलं नाही पाहिजे, हे आमचं काम. पत्रा जोडायला एका रिपिटनं भागत असेल तिथं आम्ही दोन मारायचो. निवृत्त झाल्यावर हत्यारांची पेटी घरी आणली होती, आणि बायकोच्या पिठाच्या डब्याचं झाकण सोडलं तर तिला काम नव्हतं. मी लगेच उठलो.

दारात काय काय असतं ते आम्ही सगळं काढलं. आतलं प्लास्टिकचं अस्तर, हात टेकायचा दांडा, काच खालीवर करायचं यंत्र. काच तर त्यांनी नांदेडलाच काढून तिथं पारदर्शक प्लास्टिक स्क्रूनं पक्कं बसवून आणलं होतं. आता अस्तराच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा लावायचा होता. पुठ्ठ्यावर दाराचा आकार उतरवला, त्यावरून पत्रा कापला. ड्रायव्हरच्या बाजूचं दार मी दोन दिवसांत केलं. आतून आडव्या दोन पट्ट्या दिल्या, कडेनं तीन बोटांवर एक रिपिट ठरवलं. बसच्या दाराला शोभलं असतं.

बसवण्याआधी जावई म्हणाले, वजन करू. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. दुकानदारानं आधी मूळचं प्लास्टिकचं अस्तर काट्यावर ठेवलं. दोन किलो तीनशे. मग माझं. तीन किलो दोनशे.

दुकानदारानं काट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"पत्रा चांगला हाय," तो म्हणाला.

परत येताना जावयांनी दोन्ही पॅनेलं स्वतः उचलली. घरी आल्यावर म्हणाले, "मामा, यातलं काय काय काढता येईल?" मला ते ऐकायला जड गेलं. आयुष्यभर मला 'आणखी काय लावता येईल' असंच विचारलं गेलं होतं. मी पट्ट्या काढल्या. पत्र्यात गोल भोकं पाडली. वजन दोन किलोच्या खाली आलं आणि जावई म्हणाले, सध्या हे चालेल, बसवून बघू. मी ते रिपिट मारून पक्कं केलं. पलीकडच्या दाराला नुसता पुठ्ठा लावून ठेवला होता. त्या बाजूला कुणी बसणारच नाही म्हणून तिथलं आतलं-बाहेरचं हँडलही आम्ही काढून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर जावई हेल्मेट घालून आत बसले. स्टीअरिंग फिरवताना कोपर पत्र्याला लागतं का ते बघायचं होतं. पट्टा बांधला, दार ओढून घेतलं. कोपर लागत नव्हतं. त्यांनी अंगठा दाखवला. मग दार उघडायला गेले, तर उघडेना.

मी बाहेरून हँडल ओढलं. तेही उघडेना. झालं होतं असं, की दार लावताना कुलपाचा रॉड खाली गेला आणि माझ्या एका रिपिटच्या आत निघालेल्या शेपटाखाली अडकला. पलीकडच्या दाराला हँडलच नव्हतं. काचा उघडत नव्हत्या. मागच्या डिक्कीची चावी आत, स्टीअरिंगशेजारी लटकत होती.

वसमतचं मे महिन्यातलं ऊन, वर पत्र्याचं छत, अस्तर काढलेलं. जावयांनी हेल्मेट काढलं तेव्हा त्यांचे केस कपाळाला चिकटले होते. बायको तांब्या घेऊन धावत आली आणि प्लास्टिकच्या काचेपाशी उभी राहिली. आत पाणी देता येत नव्हतं, म्हणून तिनं नुसतं दाखवलं. शेजारपाजारचे गोळा झाले. एकानं विचारलं, "काहून बसले आत?" दुसऱ्यानं मोबाईल काढला.

मी हातोडा आणला. काच फोडतो म्हणालो. पहिला घाव घातला आणि हातोडा उसळून माझ्याच खांद्यापर्यंत आला. ते प्लास्टिक फुटू नये म्हणूनच बनवलेलं असतं. दुसरा घाव घालायला माझा हात वर जाईना.

लेकीनं माझ्या हातातून हातोडा काढून घेतला आणि मागं गेली. डिक्कीच्या काचेला तोंड लावून ओरडली, "अवो, इकडं या! मागं या! कुलपाजवळ डिक्की उघडायचा पिवळा खटका दिसते का?"

जावई सीट ओलांडून पालथे पडून मागं सरकले. डिक्कीचं अस्तर काढलेलं असल्यामुळं कुलूप समोरच दिसत होतं. पण खटका आत होता, बोट पोचत नव्हतं. शिक्षकाच्या खिशात पेन असतंच. पहिल्या दाबाला पेन मोडलं. अर्ध्या पेनानं त्यांनी परत दाबलं, आणि डिक्की उघडली.

आधी दोन हात बाहेर आले, मग डोकं. बायकोनं तांब्याभर पाणी तसंच त्यांच्या डोक्यावर ओतलं. सगळं मिळून दहा मिनिटं गेली असतील. गल्लीत कुणीतरी म्हणालं, "दम हाय पाव्हण्यात." लोक पांगले.

मी घरामागं गेलो आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसलो. वर्कशॉपात एक काम मी कधी दुसऱ्यावर सोडलं नव्हतं. बस तयार झाली की मी आत जाऊन मागच्या सीटवर बसायचो आणि संकटाच्या वेळचं दार स्वतःच्या हातानं उघडून बघायचो. सोबतचे हसायचे. म्हणायचे, रंग वाळू द्या की आधी. तरी प्रत्येक गाडीचं दार मी उघडून बघितलं. आणि लेकीच्या नवऱ्याला मी माझ्याच दारात पत्र्याच्या डब्यात बंद केलं होतं. लाज वाटत होती.

थोड्या वेळानं जावई आले. अंगावर माझाच सदरा होता, बायकोनं दिलेला. शेजारी बसले.

"चूक माझी हाय, मामा. तिथून रॉड जाते हे मला माहीत होतं. मी सांगितलं न्हाई."

"बघायचं काम माझं होतं," मी म्हणालो.

मग जावई हळू म्हणाले, "मला आतमधी भेव वाटलं होतं. तुमच्या पोरीला सांगू नका."

"मला बी वाटलं," मी म्हणालो. "तिच्या आईला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळी रिपिटं ड्रिलनं उडवली. नांदेडहून पातळ पत्रा आणला. या वेळी आधी दाराच्या पोटात हात घालून कुठला रॉड कुठून जातो ते खडूनं पत्र्यावर काढलं, आणि मगच भोकं पाडली. कडा आत दुमडल्या, म्हणजे हात कापणार नाही. रिपिटांऐवजी अर्ध्या फेऱ्यात निघणारे स्क्रू लावले. आतल्या हँडलच्या जागी नायलॉनचा लाल पट्टा बांधला. तो ओढला की दार उघडतं. दोन्ही दारांना बांधला, कुणी बसणार असो की नसो.

किराणा दुकानात एक पॅनेल एक किलो पन्नास ग्रॅम भरलं. दुकानदार म्हणाला, "घटलं की."

पण गाडी न्यायची परवानगी बायकोकडून यायची होती. ती स्वतः पदर खोचून आत बसली. दार लावून घेतलं, डोळे मिटले, हातानं चाचपून पट्टा शोधला आणि ओढला. दार उघडलं. पलीकडचंही तसंच उघडून बघितलं. मग बाहेर आली आणि म्हणाली, "न्या आता." त्या दिवशी जावयांनी धोंडे मागून घेतले. तीन खाल्ले.

शर्यत दिवाळीनंतर होती, दूर एका वापरात नसलेल्या धावपट्टीवर. मलाही नेलं. सकाळी गाड्यांची तपासणी होती. तपासणाऱ्या माणसानं पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवलं, आतून दार उघडून दाखवा म्हणाला. जावयांनी पट्टा ओढला. त्यानं कागदावर खूण केली आणि पुढच्या गाडीकडं गेला.

पुढच्या गाडीचं दार आतून उघडलंच नाही. चालवणारा तरुण होता, विशीतला, रात्रभर प्रवास करून आलेला. तपासणाऱ्यानं सांगितलं, अर्ध्या तासात दुरुस्त करा, नाहीतर परत जा. तो दाराला लाथ मारणार होता. मी माझी पेटी घेऊन गेलो. त्याच्याही पत्र्याखाली रॉड दबला होता. रॉडपुरतं भोक मोठं केलं, आमच्या उरलेल्या लाल पट्ट्याचा तुकडा बांधला. त्याला आत बसवून डोळे मिटायला लावले आणि पाच वेळा दार उघडून घेतलं. तो पास झाला.

पहिल्या फेरीत आमच्या जावयांच्या शेजारची गाडी दिवा लागायच्या आधीच निघाली, म्हणून ती बाद झाली आणि जावई पुढं गेले. दुसऱ्या फेरीत त्यांच्या शेजारी तोच तरुण उभा राहिला. दिवा हिरवा झाला. मला धूर दिसला, आवाज ऐकू आला, आणि गाड्या शेवटच्या रेषेपाशी होत्या. तो एका गाडीच्या अंतरानं जिंकला.

जावयांची वेळ आधीच्यापेक्षा सेकंदाच्या दोन दशांशांनी सुधारली होती. त्यात माझ्या दारांचा वाटा किती, ते सांगता येत नाही. ते मात्र खूश होते. त्या तरुणाशी हात मिळवून आले आणि मला म्हणाले, "मामा, पोराची गाडी भारी हाय."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. "बाबा, त्याचं दार दुरुस्त करायला तुमाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाई," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर परभणी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.