एकवीस अंशांचं गार पाणी

आमच्याकडच्या धरणात मे महिन्यात पाणी कोमट होतं, तरी आबांच्या जाळ्यात कटला आणि रोहू येतात. आबा मासे धरतात, आई आठवडी बाजारात विकते, आणि घरातून कॉलेजला गेलेली पहिली मी. जर्मनीत ब्राउनश्वाइगला मास्टर्ससाठी आले तेव्हा वाटलं होतं, बाकी काही नाही तरी मासे आणि पाणी हे आपल्याला कळतं.

प्रबंधासाठी मला हार्त्स डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका ओढ्याचं उन्हाळ्यातलं तापमान मोजायचं होतं. तो ओढा गावातल्या आंगेलफेराइनकडे, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांच्या क्लबकडे होता. पाण्याची देखरेख करायला तिथे एक निवृत्त सुतार होते, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी चार वाजता पुलाखालचं पाणी मोजायचं, आणि आकडा विसाच्या वर गेला तर लगेच फोन करायचा. मग ते ओढ्यावर मासेमारी बंदीची पाटी लावणार.

कारणही त्यांनी समजावलं होतं. ट्राउट थंड पाण्यातला मासा. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. अशा वेळी गळाला लागून झुंजलेला मासा परत सोडला तरी सावरत नाही. आणि ठरलेल्या मापाहून लहान मासा तर सोडावाच लागतो, तसा नियम आहे.

क्लबात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. मला मात्र त्या सुतारकाकांना 'तू' म्हणणं जमेना, तोंडातून 'तुम्ही'च यायचं.

"पुन्हा 'तुम्ही'?" ते म्हणायचे. "मी काय पोलीस आहे?"

जुलैमधल्या एका गुरुवारी खूप ऊन होतं. थर्मामीटर पाण्यात धरला, आकडा आला एकवीस पूर्णांक चार. मी पाण्यात हात घातला. पाणी गार होतं, अगदी माठातल्यासारखं. वाटलं, थर्मामीटर पिशवीत तापला असेल. पुन्हा मोजलं, एकवीस पूर्णांक दोन. पुन्हा हात घातला, गारच. मी वहीत लिहिलं, 'थर्मामीटर बिघडला असावा, पुढच्या वेळी तपासणे.' आणि फोन केला नाही.

खरं सांगायचं तर, फोनवर जर्मन बोलायची मला भीती वाटत होती. समोर माणूस असला की हातवारे करता येतात. एवढ्या वयाच्या माणसाला फोन करायचा आणि आकडा चुकीचा निघायचा, त्यापेक्षा मंगळवारी बघू, असं मी स्वतःला समजावलं.

रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला. शनिवारी दोन सभासदांनी ओढ्यावर गळ टाकले होते. लहान मासे लागले, ते नियमाप्रमाणे सोडले. आज पुलाखाली चार ट्राउट मेलेले सापडले.

"गुरुवारी मोजलं होतंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "वही घेऊन येते."

वही फक्त माझ्याकडे होती. ती ओळ पेन्सिलने लिहिलेली होती. खोडून अठरा लिहायला किती वेळ लागला असता, ते मी इथे लिहीत नाही, पण विचार मनात आला होता. ओढ्यावरची परवानगी गेली तर प्रबंध गेला, आणि प्रबंध गेला तर घरी काय सांगायचं, तेही सुचेना. मी आबांना फोन लावला.

"एकवीस म्हंजे लई गार की गं," आबा म्हणाले. "आपला कटला त्यात हलायचा बी नाही."

"इथले मासे वेगळे आहेत, आबा."

मागून आईचा आवाज आला, "तिला म्हणावं स्वेटर घालून जा."

"आबा, मला सांगायची भीती वाटतेय."

आबा म्हणाले, "मोजलं तूच ना? मग जे मोजलं ते दाखव. त्यात भ्यायचं काय?"

दुपारच्या गाडीने मी गेले. ते पुलावर उभे होते. मी वही उघडून हातात दिली आणि फोन का केला नाही तेही सांगितलं, पाण्याचं आणि भीतीचं, दोन्ही. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले. "थर्मामीटर चांगला आहे. बूट काढ."

ते मला ओढ्याच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. तिथे झाडाच्या मुळांखालून एक झरा ओढ्यात येत होता. त्यांनी मला झऱ्यात हात धरायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात बोटं दुखायला लागली. मग म्हणाले, आता ओढ्यात घाल. घातला, आणि तेच पाणी मला पहिल्यांदा कोमट लागलं. झरा ओढ्याला मिळत होता तिथे सात-आठ ट्राउट एकमेकांना चिकटून, तोंडं झऱ्याकडे करून उभे होते. बाकी ओढ्यात एकही दिसत नव्हता.

"तुझ्या हाताचा दोष नाही," ते म्हणाले. "माझा हात तर आता सगळ्याच पाण्याला थंड म्हणतो. म्हणून आकडा."

क्लबच्या बैठकीत ते माझ्या वतीने बोलणार होते. मी म्हटलं, मीच सांगते. चार वाक्यं पाठ करून गेले होते, तिसऱ्यात अडखळले. एक सभासद म्हणाला, "पुढच्या वेळी तिला स्वेटर काढून पाठवा." स्वेटरचं त्याला कसं कळलं, असं क्षणभर वाटलं. मग बघितलं, भर जुलैत मी खरंच स्वेटर घालून बसले होते. सगळे हसले, मीही हसले. सुतारकाका मात्र गंभीरपणे म्हणाले, की चूक व्यवस्थेचीही होती, इथे कुणाला फोन करायला धैर्य लागायला नको. तेव्हापासून थर्मामीटरचा फोटो काढून क्लबच्या ग्रुपवर टाकायचा, आणि मोजेल त्यानेच पाटीही लावायची, असं ठरलं. परवानगी काढून घ्यायची गोष्ट कुणी काढलीच नाही. मला तेव्हा नीट आभारही मानता आले नाहीत. माझ्या जर्मनमध्ये तेवढे शब्द नव्हते. आज मराठीतही पुरेसे आहेत असं वाटत नाही.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी मी लवकर पोहोचले. दोन वाजता एकोणीस पूर्णांक आठ होतं. फोटो टाकला, आणि पाटी लावून टाकली. थोड्या वेळाने सुतारकाका गळ घेऊन आले. त्यांनी पाटी बघितली, मग फोन काढून फोटो बघितला.

"अजून वीस झालेलं नाही," ते म्हणाले.

"चारपर्यंत होईल," मी म्हणाले. माझा आवाज बारीक झाला होता. "आज नको. तू उद्या सकाळी ये."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले, आणि गळाची काठी सुटी करून पिशवीत घालायला लागले.