तोंड दिसणारं हेल्मेट

आज लेकीसाठी फुल फेस हेल्मेट आणलं. खोका उघडताच नव्या फोमचा उग्र वास आला आणि मी थेट सिल्वासातल्या एका जुन्या दुकानात पोचले. तेव्हा माझं लायसन नुकतंच हातात आलं होतं. मोटरसायकल पहिल्यांदाच मी चालवत नरोली गावातल्या आमच्या खोलीवर नेणार होते आणि नवरा मागे बसणार होता.

गुजराती दुकानदाराने आधी फुल फेस दिलं. घातलं तर आत माझाच श्वास घुमायला लागला.

"बेन, हेच घ्या. पडलात तर हनुवटी वाचेल," तो म्हणाला.

"पण यात मी कुणाला दिसणार?"

"तू रस्त्यावर दिसायला जाणार की कामाला?" नवऱ्याने विचारलं.

"दोन्हीला," मी म्हटलं आणि तोंड उघडं राहणारं लाल हेल्मेट उचललं.

कारखान्यांच्या रस्त्यावर गरम वारा गालांवर आपटत होता. तरी वेग कमी करवत नव्हता. आमच्या चाळीच्या नळावर एकीने हंडा खाली ठेवला. "अगं बया, ही तर आपली सुनंदा. अन् भाऊ मागं बसलेत."

मी इतकी हसले की एक चिलट सरळ तोंडात गेलं. ते थुंकून टाकलं आणि चाळीला आणखी एक फेरी मारली.

आता त्या रस्त्यावरची खडी आणि दुकानदाराचं बोलणं आठवलं की हात आपोआप हनुवटीवर जातो. म्हणून या वेळी कुठलं हवं ते लेकीला विचारलंच नाही. तिने हेल्मेट घालून आरशात पाहिलं.

"आई, यात मला ओळखणार कोण?"

"हॉर्न वाजव," मी म्हटलं. "बघतात सगळे."