अमिनाभाभीचं दूध

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि ज्याच्याबद्दल आहे त्या माझ्या थोरल्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. पौडच्या बाजारपेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. मालक, म्हणजे माझे यजमान, पिरंगुटला भातगिरणीत कामाला. सकाळी जायचे ते दिवस मावळता यायचे. मला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण तिथंच झालं. सासूबाई धरणाकडच्या गावी — आवणीचे, भातलावणीचे दिवस, त्यांना हलता येईना.

आठव्या दिवशी मला ताप भरला आणि दूध आटलं. पार आटलं. वरचं दूध पोराच्या पोटात ठरेना. त्याचं रडणंसुद्धा बारीक होत गेलं — ऐकलंय कधी तुम्ही असं रडणं?

भिंतीला भिंत लागून पिंजाऱ्याचं घर. त्याची बायको अमिनाभाभी, तिची मुलगी पाच महिन्यांची. ती मागल्या दारानं आली, पोर उचललं आणि चुलीपाशी बसून छातीला लावलं. मला विचारलंही नाही. एवढंच म्हणाली, "लई भुकेला व्हता गं."

महिनाभर ती दिवसातून चारदा आली. आधी माझ्या पोराला पाजायची. स्वतःच्या मुलीला कमी पडलं की नाचणीची पेज भरवायची. मी ते बघत होते. एकदाही तोंडातून चांगला शब्द काढला नाही — रोजचंच झालं ना! रोज मिळतं त्याचं काय एवढं?

सव्वा महिन्यानं बारशाला सासूबाई आल्या. पोर गुटगुटीत बघून म्हणाल्या, "तुझं आटलं म्हणं, मग दूध कुणाचं?"

"शेळीचं," मी म्हणाले. मालकांनाही तेच सांगितलं होतं. घाबरले होते का? हो. पण तेवढंच नव्हतं. मला लाज वाटत होती — तिच्या दुधाची.

बारशाला अमिनाभाभी आली. हातानं शिवलेलं कुंची-टोपरं घेऊन दारात उभी राहिली. घर बायकांनी भरलेलं. तेवढ्यात पाळण्यात पोर रडलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा पदर छातीवर ओला झाला. सगळ्यांनी बघितलं. सासूबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

आणि मी — मी म्हणाले, "तुमी कशाला आलात हितं? पोराला नजर लागंल."

तिनं टोपरं उंबऱ्यावर ठेवलं आणि गेली.

इथं थांबता आलं असतं. पण जे सांगायचंय ते अजून राहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई बाहेरच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. पोर कालपासून उपाशी. शेळीचं पाजलेलं सगळं ओकलेलं. भिंतीपलीकडं अमिनाभाभीला त्याचं रडणं ऐकू जात नसेल? मागल्या दारावर हळूच टकटक झाली.

"वैनी, दार उघडा. फकस्त एकदा पाजते. तुमी माझ्याशी बोलू बी नका."

माझा हात कडीवर होता. पोर मांडीवरून खाली ठेवून मी उठले होते, म्हणजे उघडायलाच ना? पण बाहेरच्या खोलीत सासूबाईंनी कूस बदलली, आणि हात तिथंच राहिला.

"वैनी, पोर मरंल वो."

मी कडी काढली नाही. ती गेली नाही. दाराला टेकून बसल्याचा आवाज आला. किती वेळ, सांगता येणार नाही. रडून रडून पोराला ग्लानी आली, आवाज थांबला — आणि मला हायसं वाटलं. पोर गप्प झालं म्हणून नाही. आता ती जाईल, म्हणून.

पोर जगलं. दोन-तीन दिवसांनी त्याच्या पोटात शेळीचं दूध ठरायला लागलं. त्यात माझं काही नाही.

दिवाळीनंतर पिंजाऱ्यानं बिऱ्हाड हलवलं. बैलगाडीत सामान चढत होतं, तेव्हा ती मुलीला कडेवर घेऊन रस्त्यात उभी होती. मी खिडकीआडून बघत होते. बाहेर गेले नाही.