धुऱ्यावरची माती

तिवशाजवळच्या आमच्या वावराच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, माती बाबांनी धोतराच्या फडक्यात बांधून अकोल्याला, माझ्या प्रयोगशाळेत आणून दिली होती. त्या मातीतून मी एक जिवाणू वेगळा काढला. काचेच्या वाटीत तो वाढला की त्याच्याभोवती स्वच्छ कडं पडायचं. तेवढ्या जागेत रोगाचे जंतू टिकत नसत. बाबांनी वाटी उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"हे आपल्या वावरातलं होय? मंग औषध करते कशानं हे?"

"तेच पाहून राहिली, बाबा."

जिवाणूच्या अंगातली एन्झाइमं ते औषध कशी जोडतात, हे मला शोधायचं होतं. बाबा दर खेपेला विचारायचे, "समजलं का?" मी चिडायचे आणि पुढच्या खेपेची वाट बघायचे. साठ सालानंतरचे ते दिवस मला फार हवेसे वाटतात.

प्रयोगशाळेतले आम्ही सगळे वऱ्हाडी. पाहुणा अर्धपोटी उठला तर आमचं नाक कापलं जातं. त्या जिवाणूला आम्ही गूळ घातला, सरकीची पेंड घातली, शेंगदाण्याचं कूटही घातलं. पिढ्यानपिढ्या तो आयतं खाऊन माजला आणि एके दिवशी कडं पडेना. औषध करणंच सोडलं त्यानं. खायला काळ अन् भुईला भार.

बाबांनी पुन्हा माती आणली. तोवर त्यांना दोन पावलांवर दम लागत होता. एवढ्या उन्हात वावरात कशाला गेलात म्हणून मी रागावले, तर म्हणाले, "तुह्या हातून झालं पायजे ते."

या वेळी जिवाणू सापडल्यावर आम्ही मन घट्ट करून त्याला बेतानं खाऊ घातलं. एन्झाइमं उष्णतेनं निकामी होतात आणि अकोल्याचा उन्हाळा तर माणसालाही सोडत नाही. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून त्यांत भांडी रोवून मी काम करत होते. जिवाणू चिरडून, गाळून, नुसता त्याचा रस उरवला. त्या रसानंही औषध केलं, म्हणजे ते जोडणारी एन्झाइमं त्या रसातच होती. वाटीत कडं पडलं, लहानसं, पण पडलं.

मी वाटी फडक्यात गुंडाळली आणि तिवशाला जायला गाडी कधी आहे ते विचारायला निघाले. दारापर्यंत गेल्यावर आठवलं, बाबांना जाऊन कित्येक महिने झाले होते.

परत येऊन वाटी जागेवर ठेवली. सकाळी कडं आणखी रुंद झालं होतं. सगळे बघायला जमले. मला ते कुणालाच दाखवावंसं वाटलं नाही.