खिंड खोडणारे गृहस्थ

"बरं, आता खरं सांगा," असं ते म्हणत आणि समोरच्यानं तोवर सांगितलेलं सगळं आपोआप खोटं ठरे.

तुम्हीही असं कुणी पाहिलं असेल. दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचून वर दुकानदाराला "आजचंच ना?" विचारणारं. आमचे हे गृहस्थ खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणीवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. माल उत्तम आहे असं कुणी म्हणालं की तो आधी बाजूला काढायचा, हे हाडीमाशी खिळलेलं. धायरीत आमच्या सोसायटीत राहायला आले आणि रविवारी डोंगर चढणाऱ्या आम्हा सहा जणांत सातवे झाले.

लडाखला जायचं ठरलं. मुक्काम लेहला, आणि तिथून रोज सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असे पाच ट्रेक. ते निवडायचं काम त्यांच्याकडे गेलं, कारण दुसऱ्या कुणी निवडले असते तर त्यांनी ते मान्यच केले नसते.

महिनाभर त्यांनी आम्हाला जेरीस आणलं. एका गावातल्या घरमालकिणीला त्यांनी तीनदा फोन केला. एकदा स्वतः म्हणून, एकदा डॉक्टर म्हणून आणि एकदा नातवंडांना घेऊन येणारे आजोबा म्हणून. गावावरच्या गोंप्यापर्यंत, म्हणजे बौद्ध मठापर्यंत, किती वेळ लागतो, याची तीन उत्तरं मिळाली. त्यांनी सगळ्यात मोठं उत्तर वहीत लिहिलं. सावली कुठे आहे, दुपारी बर्फ वितळल्यावर ओढ्याला किती पाणी चढतं, गाडीचा रस्ता किती लांब आहे, असले प्रश्न. 'सोपा' हा शब्द दिसला की तो ट्रेक रद्द.

आमचं माप एकच, सिंहगड. कुठल्याही डोंगराचं नाव काढा, पुणेकर तो सिंहगडाच्या पटीत मोजतो. मी सिंहगड एका तासात चढतो असं सांगत असे. हिंजवडीतली नोकरी सुटल्यापासून मला कुणी विचारेनासं झालं होतं. या गटात मात्र मी सगळ्यांत तगडा गणला जाई आणि त्यावरच माझे दिवस निघत होते.

"तिथं सिंहगड चालत नाही," ते म्हणाले. "सिंहगडावर हवा असते आणि वर दही मिळतं."

पुढे एका रविवारी मी एकटाच गड चढलो, तर वर दहीवालीशेजारी हे वही घेऊन बसलेले. मला दीड तास लागला होता. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. तब्येत बरी आहे ना, असं एकदा विचारलं, दही खाताना पुन्हा विचारलं आणि उतरताना तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा मी ठणठणीत म्हणालो. छातीत चढावर काहीतरी आवळतं, हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं, यांना कशाला सांगू?

पुढच्या बैठकीत त्यांनी खिंड खोडली. जिच्यासाठी सगळे जायला निघाले होते, ती साडेसतरा हजार फुटांवरची खिंड. माझा गुडघा दुखतो, मला झेपणार नाही, म्हणाले. आणि पाचही ट्रेक असे निवडले, की गाडीचा रस्ता कायम हाकेच्या अंतरावर.

गटात कुजबुज सुरू झाली. आणि लाज वाटते, पण सांगतो, तिचा पुढारी मीच होतो. एवढी चौकशी करणारा माणूस स्वतः भित्रा असणार. गुडघा दुखतो म्हणतात, मग जिना एका दमात कसा चढतात? मी दोन दिवस त्यांच्या पायांवर पाळत ठेवली. सकाळी उजवा धरत, संध्याकाळी डावा.

लेहला दोन दिवस आराम करून तिसऱ्या दिवशी निघालो. उघडे तपकिरी डोंगर, ओढ्याकाठी तेवढी पॉपलरची झाडं. तासाभरात माझ्या छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. बाकीचे पुढे गेले होते. हे मात्र मागेच होते, माझ्या चालीनं चालत. मला दगडावर बसवलं, स्वतः ताडताड रस्त्यावर गेले आणि पाच मिनिटांत जीप घेऊन आले.

"तुमचा गुडघा?" जीपमध्ये मी विचारलं.

"त्याला काय झालंय?" ते म्हणाले. मग स्वतःच पुढे, "पुराव्याशिवाय दुसऱ्याच्या नावावर शेरा मारता येत नाही. स्वतःच्या नावावर मारता येतो."

त्या दिवशी इस्पितळातून त्यांनी मला बायकोला फोन करायला लावला. गटाला मात्र सांगितलं की, त्यांचाच गुडघा भरून आला आणि मी त्यांना सोबत म्हणून उतरलो. मी ते चालू दिलं. पुण्यात येऊन गुपचूप उपचार केले, तेव्हाही चालू दिलं. दोन वर्षं सगळे त्यांना खिंडीवरून चिडवत राहिले. ते हसत, मीही हसत असे.

या हिवाळ्यात ते गेले. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. आमच्यातला एक जण प्रेमानंच म्हणाला की, काकांच्या गुडघ्यानं आमची खिंड खाल्ली. थोडे लोक हसले. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, वळल्या.

"यांचा गुडघा कधी दुखत होता?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. जन्मभर दुसऱ्यांचं खोटं पकडणारा माणूस स्वतःच्या शोकसभेत पकडला गेला होता, आणि आपली बाजू सांगायला तो नव्हता.

मी उठलो. "गुडघा त्यांचा चांगला होता," मी म्हणालो. "छाती माझी खराब होती." आणि सगळं सांगून टाकलं.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता बरं आहे ना तुम्हाला?"

मी हो म्हणालो. त्यांनी तेच पुन्हा विचारलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.